पोटातल्या जिवाणूंना तुम्ही काय खाऊ घालता? (भाकर, मही, औषधं, पाणी – सगळं इथंच बोलू)

तिफन (धागाकर्ता)

'पोट साफ होत नाही', 'गॅस धरतो', 'दोन घास खाल्ले की पोट तट्ट फुगतं'. या तीन तक्रारींवर मेडिकलमध्ये ज्या बाटल्या नि पाकिटं मिळतात, त्यांवर हल्ली 'चांगले जिवाणू' असं ठळक छापलेलं असतं. प्रश्न असा की विकत आणून पोटात सोडलेले जिवाणू तिथं राहतात का, आणि जे आधीपासून आहेत त्यांचं काय? वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंतचं आपलं खाणं समोर ठेवून बोलू या. कृपया 'आमच्याकडे असं झालं'पेक्षा माप, वेळ, कारण लिहा.

सुरुवात आकड्यांपासून. 'माणसाच्या पेशींच्या दहापट जिवाणू' आणि 'दीड-दोन किलो वजन' ही वाक्यं अजून सगळीकडे फिरतात. २०१६मध्ये हा हिशोब नव्याने मांडला गेला. सत्तर किलोच्या माणसात जिवाणू साधारण ३८ लाख कोटी आणि स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीचा मामला. सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन २०० ग्रॅमच्या आसपास, पाव किलोसुद्धा नाही.

ते सगळीकडे सारखे पसरलेलेही नाहीत. जठरात आम्लामुळे नावापुरते, लहान आतड्यात खाली सरकावं तसे वाढत जातात, आणि मोठ्या आतड्यात दर ग्रॅमला दहा हजार कोटींच्या घरात. म्हणजे आपण जे वरच पचवून शोषून घेतो (साखर, मैदा, गरम भाताचा बराचसा भाग) ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यांना मिळतं ते उरलेलं: कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचा चोथा, न पचलेला स्टार्च. हे आंबवून ते ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हे ब्युटिरेटच. बाकी शरीर मुख्यतः साखरेवर नि चरबीवर चालतं, पण हे अस्तर जिवाणूंच्या कमाईवर जगतं.

---

गोठा_ते_दवाखाना

पशुवैद्यकाच्या बाजूने भर घालतो, कारण ही गोष्ट गुरं पाळणाऱ्या माणसाला सगळ्यात लवकर कळते.

गाय कडबा पचवत नाही. कडबा पचवतात तिच्या कोटीपोटातले (पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातले) जिवाणू, आणि गाय त्यांनी तयार केलेली आम्लं शोषून जगते. तिची सुमारे ७० टक्के ऊर्जा तिथून येते. माणसात हेच काम मोठ्या आतड्यात, शोषणाच्या मुख्य जागेनंतर होतं. म्हणून आपल्याला त्यातून जेमतेम ५ ते १० टक्के ऊर्जा मिळते. पण यंत्रणा तीच.

आता खळ्यावर बैल सुटून ज्वारीच्या राशीत तोंड घालतो तेव्हा काय होतं ते आठवा. एकदम भरमसाट स्टार्च आत गेला की भराभर वाढणारे जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. कोटीपोटाचा सामू (पीएच) ५.५च्या खाली घसरतो, कडबा पचवणारे जिवाणू मरतात, जनावर रवंथ सोडतं, पातळ हगतं, आडवं होतं. दुरुस्तीच्या उपायांत एक असतो तो निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं पाणी काढून आजारी जनावराला पाजण्याचा. 'प्रोबायोटिक' (विकतचे 'चांगले जिवाणू') हा शब्द बाजारात येण्याच्या कितीतरी आधीचा.

म्हणूनच चारा बदलायचा तर १० ते १५ दिवसांत थोडा-थोडा बदला असं आम्ही सांगतो. हा नियम माणसालाही जसाच्या तसा लागू आहे. सोमवारी ठरवलं आणि मंगळवारपासून वाटीभर मटकी खाल्ली तर पोट फुगणारच. दोष मटकीचा नाही, घाईचा.

---

सत्तू_आणि_सालं

@तिफन, चोथ्याचे (फायबरचे) आकडे देते, कारण इथंही एक गैरसमज आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार दर १०० ग्रॅमला साधारण एवढा चोथा असतो: ज्वारी १०, गव्हाचा न चाळलेला आटा ११, बाजरी ११ ते १२, पांढरा तांदूळ ३पेक्षा कमी, तूरडाळ ९, हरभराडाळ १५, आणि सालासकट अख्खा हरभरा २५.

नीट बघा. ज्वारी आणि अख्खा गहू यांत चोथ्याचा फरक जवळपास नाहीच! 'ज्वारी सोडली म्हणून पोट बिघडलं' यातला खरा भाग दोन ठिकाणी आहे. एक, ज्वारीची भाकर कोणी चाळून करत नाही, गव्हाची कणीक मात्र बारीक चाळणीने चाळून कोंडा ढोरांपुढे टाकतात. म्हणजे जिवाणूंचा घास गोठ्यात जातो. दोन, ज्वारीतला स्टार्च प्रथिनांच्या घट्ट जाळीत अडकलेला असतो, शिजवल्यावर ती जाळी आणखी आवळते. त्यामुळे त्यातला काही भाग लहान आतड्यात न पचता पुढे जातो आणि खालच्या मंडळींच्या कामी येतो.

ताटाचा हिशोब करा. ३०० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम तूरडाळ आणि आलू-वांग्याची थोडी भाजी असा दिवस काढला तर चोथा १६-१७ ग्रॅमवर अडतो. २५० ग्रॅम ज्वारी, तेवढीच डाळ आणि दोन वेळा पालेभाजी किंवा शेंगभाजी घेतली तर ३५च्या आसपास जातो. मोठ्या माणसाला दिवसाला ३० ते ४० ग्रॅम हवा.

---

कापूसकोंड्या

राजेहो, हिशोब बरोबर हाय, पण ज्वारी आता पेरते कोन? वावरात सोयाबीन नाई तं कापूस. घरी रेशनचा गहू-तांदूळ येते. मंग त्यातच काय करता येईन थे सांगा. बजारातली ज्वारी घेनं सगळ्याइले परवडत नाई.

---

सत्तू_आणि_सालं

@कापूसकोंड्या भाऊ, रास्त प्रश्न.

पहिलं काम फुकटचं: कणीक चाळू नका. सवय नसेल तर सुरुवातीला मोठ्या भोकांची चाळणी वापरा, म्हणजे काडीकचरा तेवढा निघेल.

दुसरं, दळणात ४ किलो गव्हाला १ किलो अख्खा हरभरा सालासकट घाला. चोथा दर १०० ग्रॅमला ११वरून १४वर जातो, प्रथिनंही वाढतात. हरभरा आधी हलका भाजून घ्या, नाहीतर पिठाला कच्चट वास येतो. यापेक्षा जास्त प्रमाण घेतलं तर पोळी कडेने फाटते आणि घरातली मंडळी कुरकुरतात, मग सगळंच बंद पडतं. भिजवताना पाणी थोडं जास्त लागतं आणि कणीक निदान अर्धा तास झाकून ठेवावी लागते.

तिसरं, भात खायचाच तर त्यात डाळ मोकळ्या हाताने. गोळाभात, वडाभात ही आपल्याकडची रीत याच हिशोबाची आहे, हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या भरड्याने भाताची उणीव भरून निघते. पावसाळ्यात तरोटा, थंडीत हरभऱ्याचा पाला, वर्षभर कुठं ना कुठं अंबाडी. बांधावर उगवणाऱ्या या भाज्या बाजारातल्या फ्लॉवरपेक्षा कुठंच कमी नाहीत.

आणि गॅसचं. डाळी-कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा असतात. त्या तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या आतड्यात नाहीच. त्या थेट खाली जातात आणि जिवाणू त्यांचा हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही जणांत मिथेनसुद्धा करतात. कडधान्य ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा. मोड आणले तर या साखरा आणखी कमी होतात. उन्हाळ्यात भिजवणीचं पाणी मधे एकदा बदला, नाहीतर ४४-४५ अंशांत कडधान्य आंबून चिकट होतं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या वाटीने सुरू करा, पंधरा दिवसांनी वाढवा.

---

वैनगंगेकाठी

आंबिलीचं कोणी काढलं नाही अजून! उन्हाळा आला की पूर्वेकडे घरोघरी करतात.

१ वाटी ज्वारीचं पीठ ३ वाट्या पाण्यात कालवायचं, चमचाभर ताक घालायचं, मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवायचं. एप्रिल-मेमध्ये ६ ते ८ तास, दिवाळीनंतर १२ किंवा जास्त. वर बारीक फेस आणि आंबूस, स्वच्छ वास आला की तयार. मग एक लिटर पाणी मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालून उकळायचं आणि आंबवण बारीक धारेने ओतत सतत ढवळायचं. ढवळणं थांबलं की गुठळ्या झाल्याच. मंद आचेवर दहा मिनिटं.

तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात आंबवण अजिबात ठेवू नये. आम्लात तांबं उतरतं, मळमळ नि उलट्या होतात.

माझा प्रश्न तज्ज्ञांना: आंबील उकळल्यावर जिवाणू मरतात. मग फायदा कशाचा?

---

सूक्ष्मदर्शी

मरतात, शंका नको. पण आंबवताना त्यांनी काम करून ठेवलेलं असतं. पिठातलं फायटेट कमी होतं, ज्याने लोह आणि जस्त अडकवून ठेवलेलं असतं. आम्लामुळे पेय चटकन नासत नाही. चोथा तर उरतोच. जिवंत जिवाणू हवे असतील तर आंबील कोमट झाल्यावर वाटीभर ताजं ताक घाला. गरम आंबिलीत घातलं तर ताक फाटतं आणि जिवाणूही जातात.

आंबवणावर गुलाबी, केशरी, काळा डाग किंवा केसाळ बुरशी दिसली, कुजका वास आला, तर वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही. सगळं फेकायचं.

---

पळसफूल

आंबिलीचा विषय निघालाच तर शिळा भात घ्या. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खाणं 'जिवाणूंसाठी उत्तम' म्हणून व्हिडिओ फिरतायत. भात थंड झाला की स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट होतो, पचायला अवघड बनतो आणि मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो, इतपत शास्त्र खरं आहे. पुन्हा कोमट केला तरी तो बराच टिकतो. आपण हे का सुचवत नाही?

---

सूक्ष्मदर्शी

@पळसफूल ताई, कारण बॅसिलस सेरियस.

या जिवाणूची बीजुकं मातीतून तांदळावर येतात आणि शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ती रुजतात, वाढतात आणि एक विष सोडतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे सकाळी फोडणी देऊन परतलेला भात जिवाणूमुक्त असेल, विषमुक्त नसेल. खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या. मे महिन्यात आपल्याकडे रात्री दहालाही स्वयंपाकघरात ३५ अंश असतात, आणि पातेल्यातला भाताचा ढीग आतून तासन् तास गरम राहतो. व्हिडिओ करणाऱ्याचं हवामान वेगळं असू शकतं.

---

पळसफूल

पण पिढ्यान् पिढ्या खातातच की लोक. पाण्यातला भात आंबतो, आम्ल झालं की बॅसिलस वाढत नाही. तुम्ही सरसकट बाद करताय ते पटत नाही.

---

सूक्ष्मदर्शी

अर्धं मान्य. आंबट झाल्यावर वाढ थांबते, पण आम्ल तयार व्हायच्या आधीचे पहिले चार-पाच तास धोक्याचे, आणि तेवढ्यात तयार झालेलं विष आम्लाने नाहीसं होत नाही. करायचंच तर असं करा: भात शिजल्यावर परातीत पातळ पसरा, तासाभरात गार करा, मग उकळून गार केलेलं पाणी आणि दोन चमचे ताजं ताक घालून आंबवण सुरुवातीपासूनच आंबट ठेवा. थंडीत ठीक, ऐन उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर नकोच. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना तर नाहीच. तेवढ्या जादा स्टार्चसाठी ही उठाठेव कशाला? हिरव्या केळाची भाजी किंवा भाकर तेच काम विनाधोका करते.

---

पळसफूल

परातीत पसरून गार करायचं पटलं. बाकी मतभेद राहू द्या. :)

---

गोठा_ते_दवाखाना

दह्याकडे वळू. मही सगळ्यांच्या ताटात असते आणि त्यातच जास्त चुका होतात.

दूध उकळून ४० ते ४३ अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आत एक थेंब टाका, कोमट लागला पाहिजे, चटका नको. बोट बुडवून बघू नका, हाताचे जंतू विरजणाबरोबर वाढतात. १ लिटरला एक लहान चमचा ताजं विरजण, नीट ढवळून. उन्हाळ्यात ३-४ तासांत लागतं. लागताच ओल्या गोणपाटात किंवा माठाशेजारी ठेवा. तसंच ठेवलं तर दुपारपर्यंत पाणी सुटून आंबटढाण होतं. डिसेंबरात रात्रभर घोंगडीत गुंडाळून १०-१२ तास.

बिघाड ओळखायचे ते असे. कडवट दही म्हणजे विरजण जुनं, प्रथिनं तुटलेली. तार येते ती काही जिवाणू चिकट पदार्थ सोडतात म्हणून. नेहमीचं दही तसंच असेल तर चालतं, अचानक तार आली तर विरजण बदला. दह्यात भोकं, बुडबुडे, फसफस दिसली तर यीस्ट किंवा विष्ठेतले जंतू शिरलेत, फेका.

आणि एक गोष्ट फार कमी लोक जोडून बघतात. दही लागतच नसेल तर गोठ्यात विचारा. गाई-म्हशीला कासदाह झाला की सडात अँटिबायोटिकच्या ट्यूबा सोडतात. त्या दिवसांच्या दुधात औषध उतरतं आणि विरजणाचे जिवाणू मरतात. ट्यूबवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत, बऱ्याच औषधांना शेवटच्या मात्रेनंतर तीन दिवस किंवा जास्त, ते दूध ना घरात, ना डेअरीत. जे औषध भांड्यातले जिवाणू मारतं, ते आपल्या पोटातल्यांना सोडेल असं का धरायचं?

---

तिफन

हे जबरदस्त आहे, गोठा भाऊ. डेअरीवर दूध परत का येतं ते यातून कळेल अनेकांना.

मग मूळ प्रश्न: दह्यातले जिवाणू पोटात राहतात का?

---

सूक्ष्मदर्शी

राहत नाहीत. पाहुणे असतात, खाणं थांबलं की काही दिवसांत निघून जातात. घरच्या दह्यात कोणते नि किती आहेत हे घरागणिक बदलतं, म्हणून त्याला औषधाची मात्रा समजू नये. पण पाहुणेही कामाचे. दूध पचत नाही अशा माणसाला दही बहुधा चालतं, कारण दुधातली थोडी साखर आधीच फस्त झालेली असते आणि उरलेली तोडायला जिवाणूंचं पाचकद्रव्य सोबत येतं. दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांत गुडगुड, जुलाब होत असतील तर आठवडाभर दूध बंद आणि दही-ताक चालू, असं करून पाहा. निदान निम्मं तिथंच होतं.

बसस्टँडवरच्या मठ्ठ्याबद्दल एवढंच: मठ्ठा बिचारा चांगला असतो, बर्फ कोणत्या पाण्याचा ते विचारा.

---

स्टेथो_आणि_शिदोरी

थोडा उशिरा आलो. औषधांचं लिहितो.

लहान मुलाचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंचे असतात. त्यात अँटिबायोटिक दिलं तर विषाणूला ढिम्म फरक पडत नाही, घरचे जिवाणू मात्र मरतात आणि जुलाब लांबतात. पहिलं औषध ओआरएस. १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच. अर्ध्या पाकिटाला 'अंदाजे पेलाभर' ही सर्रास होणारी चूक. घट्ट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात, पातळ झालं तर क्षार पुरत नाहीत. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शीग लावून भरू नका. २४ तासांनी उरलेलं फेका.

सोबत झिंक: ६ महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ, पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळ्यांची पट्टी माळ्यावर टाकायची नाही. आतड्याचं अस्तर भरून यायला तेवढे दिवस लागतात. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं चालू.

प्रोबायोटिक? अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२०मध्ये मुलांच्या साध्या जुलाबांत प्रोबायोटिक नको, असं स्पष्ट सांगितलं. घरात पैसे दोनच वस्तूंपुरते असतील तर ओआरएस आणि झिंक घ्या.

अँटिबायोटिक खरंच लागतं तेव्हा (जुलाबात रक्त, टायफॉइड, कॉलराचा जोर) ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. ते चालू असताना काही जणांना जुलाब होतात. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही, म्हणून डॉक्टर कधी ते देतात. जिवाणूंची पुडी असेल तर अँटिबायोटिकच्या मात्रेपासून दोन तासांचं अंतर. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दूध-दह्यासोबत गिळू नका. कॅल्शियम औषधाला बांधून टाकतं आणि बरंच औषध वाया जातं. 'गोळी गरम पडते, दह्यासोबत घे' हा सल्ला इथं उलटा बसतो. गोळी आधी, दही निदान दोन तासांनी.

आणि ॲसिडिटीच्या गोळ्या. जठराचं आम्ल हे फाटकावरचं राखण आहे. वर्षानुवर्षं रोज ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल घेतलं की राखण निजते, तोंडातून गेलेले जंतू खाली पोचतात, जुलाबांच्या संसर्गाचा धोका वाढतो, बी-१२ही कमी पडू शकतं. एकदम बंद केल्या तर आम्ल उसळून दुपटीने जळजळतं, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. जळजळीचं खापर तर्रीवर फोडण्याआधी हेलिकोबॅक्टर पायलोरीची तपासणी करा. अल्सरमागचा हा जिवाणू शोधल्याबद्दल मार्शल आणि वॉरन यांना २००५चं नोबेल मिळालं. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची तर ॲसिडिटीची गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे आधी बंद हवं, नाहीतर अहवाल खोटाच 'निल' येतो.

---

रानमेवा

डॉक्टरांच्या यादीत एक राहिलं: खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण).

तोंडाच्या कर्करोगाबद्दल सगळे बोलतात, पोटाबद्दल कोणी नाही. सुपारीने गालाच्या आतलं कातडं ताठर होतं, तोंड उघडणं तीन बोटांवरून दोनवर, मग एकावर येतं. अशा माणसाला भाकर मोडून चावता येत नाही, तिखट झोंबतं, कच्चा कांदा, भेंडी, हरभरा सगळं सुटतं. उरतो चहा-बिस्किट, मऊ भात, पातळ वरण. चोथा १० ग्रॅमच्याही खाली, आणि वर तक्रार 'पोट साफ होत नाही'. त्यावर तो चूर्ण घेतो. मूळ बिघाड आतड्यात नाहीच, जबड्यात आहे.

खर्रा बंद करणं पहिलं. तोवर खायला: कण्या मऊ शिजवून ताकात, पातळ पिठलं, घोटलेली डाळभाजी, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा सालासकट. बिनतिखट.

---

अंगणवाडीचा_फळा

मेळघाट, गडचिरोलीकडे कुपोषणाच्या कामात एक प्रश्न कायम असतो. मूल खातं, तरी वजन का धरत नाही? एक उत्तर आतड्यात आहे. घाण पाणी, उघड्यावरची विष्ठा, अंगणात कोंबड्या-शेळ्या आणि तिथंच रांगणारं मूल. सतत थोडे-थोडे जंतू पोटात गेल्याने लहान आतड्याचं अस्तर सुजतं, शोषणाची लव झिजते. जुलाब न होताही. अशा मुलाला नुसतं जास्त जेवण वाढवून भागत नाही.

ढाक्याच्या वस्तीतल्या कुपोषित मुलांवर एक प्रयोग झाला, निकाल २०२१मध्ये आले. जिवाणूंची वाढ डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला पूरक आहार. त्यात काय होतं? हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणा, हिरवं केळ. नेहमीच्या तयार पूरक आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी होते, तरी वजनाची वाढ चांगली निघाली. चारांतल्या दोन वस्तू तर आपल्याच वावरात पिकतात, आणि विकल्या की घरात एक मूठ राहत नाही!

मात्र तो आहार मोजून-मापून, जीवनसत्त्वं-खनिजं घालून, बंदोबस्तात दिला होता. तीव्र कुपोषित मुलावर घरी प्रयोग नको, त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात न्या. आणि सोयाबीन कच्चं दळू नका, त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. आधी उकळा, वाळवा, भाजा, मग दळा.

बाळाला पहिले ६ महिने फक्त अंगावरचं दूध. त्यात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत, बिफिडोबॅक्टेरियासाठीच असतात. घुटी, मध, पाणी यांनी ती घडी मोडते. मधातून तर वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझमचा धोका. जंताची गोळी १० फेब्रुवारीच्या मोहिमेत मिळते: अल्बेंडाझोल, १ ते २ वर्षं अर्धी गोळी चुरून, पुढे पूर्ण ४०० मिग्रॅ. चावूनच खायची.

---

कापूसकोंड्या

पान्याचं बी सांगा ना कोनी. विहिरीत पावडर टाकली का लोक म्हंतेत पोटातले चांगले जंतू बी मरतेत.

---

अंगणवाडीचा_फळा

नाही भाऊ, त्यासाठी क्लोरीन पोटापर्यंत टिकलं पाहिजे. १००० लिटरला ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, तीही ३३ टक्के क्लोरीनची ताजी असेल तर, म्हणजे लिटरला दीड मिलिग्रॅमच्या थोडं वर. त्यातलं बरंचसं विहिरीतली घाणच खाऊन टाकते. नळाशी निदान ०.२ उरावं लागतं, तेही लाळेत आणि जठरात संपतं.

विहिरीतलं पाणी असं मोजा: व्यास मीटरमध्ये गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, एवढे लिटर. ३ मीटर व्यास, ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर, म्हणजे १४० ग्रॅम. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडा आणि खाली-वर हलवा. चुना तळाला ठेवा, तो विहिरीत ओतू नका. एक तास थांबून मग पाणी भरा. पोतं उघडं, ओलसर खोलीत पडलेलं असेल तर पावडरीतलं क्लोरीन उडालेलं असतं. मग कितीही टाका, ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी) पिवळा रंग येत नाही. गावागावांत घोडं इथंच अडतं.

---

कापूसकोंड्या

समजलं. एक शेवटचं, इसबगोल रात्री घ्यावं का सकाळी? अन् रोज घेतलं तं सवय लागते का?

---

स्टेथो_आणि_शिदोरी

वेळ कोणतीही चालेल, पाणी महत्त्वाचं. २ चमचे भुसी पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, मागून आणखी एक ग्लास. कोरडी फाकी मारली तर घशात फुगून अडकते. गिळायला त्रास असणाऱ्याने घेऊच नये. जिवाणू ती फारशी आंबवत नाहीत, म्हणून गॅसवाल्यांनाही सोसते. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. सवय लागत नाही. सोनामुखीची चूर्णं मात्र महिनोन् महिने घेऊ नका.

शौचात रक्त, काळी शौच, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय असेल तर इसबगोल नको, तपासणी.

---

कापूसकोंड्या

हाव. दोन ग्लास पानी, ध्यानात ठेवतो.